ऑरा केंटची खरी सही

पाहुणा जेवणाच्या आधी येणार होता, पण ऑराने सकाळी डोळे उघडल्यापासूनच केसांचा धोशा लावला होता. विल्माने तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवले, खांद्यांवर टॉवेल टाकला आणि विरळ झालेल्या केसांत एकेक रोलर गुंडाळायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्याने ऑराची उजवी बाजू गेली होती. उजवा हात कुणीतरी आणून मांडीवर ठेवल्यासारखा पडून असे. जीभ मात्र शाबूत होती.

"मागून चपटं दिसतंय," ती हातआरशात बघत म्हणाली.

"मागून कोण बघणार आहे? तो कागद बघायला येतोय."

"आणि घरी जाऊन बायकोला काय सांगेल? ऑरा केंटला टक्कल पडलंय म्हणून?"

विल्माने रोलर जरा जास्तच ओढून बसवला. ती ऑराहून तीन वर्षांनी मोठी होती आणि तिचे दोन्ही हात धडधाकट होते. नवरा गेल्यावर ती बरबँकमधल्या या घरात राहायला आली, तेव्हा ऑराला सोबत हवी आहे असे ठरले होते. झटक्यानंतर सोबतीची शुश्रूषा झाली. घर ऑराचे होते आणि दारावरच्या पेटीत पडणारी पत्रेही बहुतेक ऑराच्याच नावाची असत.

नील ऑस्टरहाउट या गृहस्थांचे पत्र तसेच आले होते. ते पॅसाडीनाच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत आणि तीस-चाळीसच्या दशकांतल्या नटनट्यांनी सही केलेले कागद जमवत. फोटो नव्हे, कागदच: करारपत्रे, वटलेले चेक, स्टुडिओकडून घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या. पत्रात त्यांनी कारणही दिले होते. फोटोवर आई सही करते, कारकून करतो, कपडेपट सांभाळणारी बाईसुद्धा करते; पण ज्या कागदाचा कायद्याशी संबंध येतो त्यावर माणूस दुसऱ्याला सही करू देत नाही. म्हणून नटाचा खरा हात फक्त कागदावर सापडतो. ऑरा केंट यांच्याकडे त्यांच्या पहिल्या कराराची प्रत असल्यास ती पाहायला मिळावी, आणि त्यांची इच्छा असल्यास योग्य तो मोबदला देऊन घ्यायला आवडेल, अशी विनंती होती.

पत्र विल्मानेच मोठ्याने वाचून दाखवले होते. कारकुनाच्या वाक्याशी तिचा आवाज किंचित अडला. ऑराने ते ऐकले की नाही, कळायला मार्ग नव्हता. ती एवढेच म्हणाली, "बोलाव त्याला. बिचारा किती छान लिहितो."

नेब्रास्कातल्या एका झेक लोकांच्या वस्तीतून ह्रुस्का बहिणी, विल्मा आणि ऑरेलिया, आईबरोबर कॅलिफोर्नियात आल्या, तेव्हा आईने दोघींनाही एकसारखे निळे झगे शिवले होते. कॅमेऱ्यासमोर दोघी एकाच सकाळी उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याला ऑरेलिया आवडली. यात कुणाचा दोष नव्हता, आणि दोष नसलेली गोष्टच माणसाला आयुष्यभर पुरते, हे विल्माला फार लवकर समजले. स्टुडिओने धाकटीला ऑरा केंट हे नाव दिले आणि थोरलीला चाहत्यांच्या पत्रांच्या खोलीत नोकरी. ऑराचे अक्षर म्हणजे कोंबडी शाई तुडवून गेल्यासारखे. नवे नाव मिळाले त्या आठवड्यात विल्माने जेवणाच्या टेबलावर बसून तिच्यासाठी सही तयार केली. पहिले अक्षर होडीच्या शिडासारखे फुगलेले, आडनावाचा शेवट खाली उतरून पुन्हा वर वळलेला. ऑराला ती गिरवायला शिकवली, हाताला धरून. पुढची कितीतरी वर्षे देशभरातल्या भिंतींवर लागलेल्या फोटोंवर विल्माने ती सही केली. एका बैठकीत शेकड्यांनी.

ऑस्टरहाउट आले ते तपकिरी सुटात, चॉकलेटचा डबा आणि एक चपटी पेटी घेऊन. पन्नाशीचे, शांत, हात अगदी स्वच्छ असलेले. दिवाणखान्यात ऑरासमोर उभे राहिल्यावर त्यांनी तिचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. विल्मा कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभी होती. त्यांनी वळून अदबीने विचारले, "आणि तुम्ही बहीण ना?"

"मिसेस टेट," विल्मा म्हणाली.

बराच वेळ ऑराच बोलत होती. कोणत्या दिग्दर्शकाला पायमोजे घालायची सवय नव्हती, कोणता नायक घोड्याला इतका भ्यायचा की त्याला लाकडी पिंपावर बसवून चित्रीकरण करावे लागे. ऑस्टरहाउट हसत, मान डोलवत. विल्माला या सगळ्या गोष्टी पाठ होत्या. त्यातल्या दोन तर तिनेच ऑराला सांगितलेल्या होत्या, पत्रांच्या खोलीत ऐकून. तिने केक कापला आणि ऑराच्या बशीतल्या तुकड्याचे घास करून दिले.

मग करार टेबलावर आला. ऑस्टरहाउट यांनी आधी हात पुसले. पाने न दुमडता उलटवत ते शेवटच्या पानावर पोचले आणि सहीवर वाकले. त्यांचा चेहरा पाहून विल्माला चर्चमधल्या म्हाताऱ्या आठवल्या. आपल्या पेटीतून त्यांनी एक तक्ता काढून कराराशेजारी ठेवला. संग्राहकांची त्यांची एक मंडळी होती, तिच्या पत्रिकेसाठी त्यांनी ऑरा केंटच्या सह्यांचा अभ्यास केला होता. डावीकडे कागदांवरून घेतलेल्या अस्सल सह्या. उजवीकडे दुसऱ्यांनी तिच्या नावाने केलेल्या सह्यांचे दोन रकाने. एकावर लिहिले होते सेक्रेटरी एक, दुसऱ्यावर सेक्रेटरी दोन.

"एक नंबरची ढोबळ आहे, ती कुणालाही ओळखता येते," ते ऑराला समजावून सांगू लागले. "दोन नंबर फार कुशल. आमच्यातले पुष्कळजण अजूनही फसतात. पण इथे बघा, हे वळण मिटलेलं आहे. अक्षर बरोबर आहे, पण त्यात माणूस नाही. नक्कल म्हणजे शेवटी नक्कलच."

दुसऱ्या रकान्यातल्या सह्या विल्माने उलट्या बाजूने पाहिल्या. उलट्या असूनही तिने त्या ओळखल्या.

"तीनशे फोटोंनंतर तुमचंही वळण मिटेल," ती म्हणाली.

ऑस्टरहाउट यांनी वर पाहिले. ऑराने कॉफीचा कप खाली ठेवला आणि अगदी सहजपणे सांगून टाकले की ही दोन नंबरची बाई म्हणजे आपली विल्माच.

त्यांना मनापासून आनंद झाला, हे कबूल करायला हवे. अनेक वर्षे न सुटलेले कोडे सुटले होते. त्यांनी विल्माचे पूर्ण नाव विचारले, माहेरचे आडनाव विचारले, वहीत टिपून घेतले, आभार मानले. पुढच्या अंकात तळटीप देऊ, असेही सांगितले. मग पेन खिशात ठेवून ते पुन्हा कराराकडे वळले. "आणि ही," ते बोट न टेकवता सहीवरून फिरवत हळू आवाजात म्हणाले, "ही बघितली की लगेच कळतं. ही त्यांची आहे."

तळटीप. निळ्या झग्यांच्या सकाळपासून जे साठत आले होते त्याला विल्माने कधी मत्सर म्हटले नव्हते. ती त्याला थकवा म्हणे, पित्त म्हणे, ऑराच्या लग्नांच्या वेळी डोकेदुखी म्हणे. ते शिड तिने काढलेले होते. ते वळण तिच्या मनगटातून आले होते. आणि हा गृहस्थ तिच्यासमोर बसून सांगत होता की ऑराने गिरवले ते खरे, आणि जिने घडवले ती नक्कल करणारी.

"तीसुद्धा माझीच आहे," विल्मा म्हणाली.

"काय?"

"करारावरची सही. मीच केलीय."

हे खोटे होते. करारावर सही झाली तेव्हा विल्मा त्या खोलीत नव्हतीसुद्धा. ती पत्रांच्या ढिगाऱ्यासमोर बसली होती. पण शब्द तोंडातून निघाल्यावर पुढचे शब्द त्यांच्यामागे आपोआप चालत आले. कागद माणसाकरवी घरी आले होते. ऑरा तापाने फणफणली होती. आई म्हणाली, तू कर, तुझाच हात चांगला आहे.

ऑस्टरहाउट यांनी वाद घातला नाही. विज्ञानाच्या शिक्षकासारखे त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केले. घाई करू नका, म्हणाले. विल्माने चष्मा नीट केला. पत्रांच्या खोलीत तिला जी सवड कधी मिळाली नव्हती ती आज होती. शिड फुगले, शेवट खाली गेला आणि वर वळला. कागद करारावरच्या सहीजवळ सरकवला गेला, तेव्हा दोन्हींत फरक सांगणे अशक्य होते. उलट विल्माचीच जरा अधिक मोकळी वाटत होती.

बाहेर झाडांत वारा सुटला होता आणि खिडकीची जाळी खडखडत होती. ऑस्टरहाउट यांचे डोळे विल्माच्या सहीवरून करारावर आणि करारावरून तक्त्यावर जात राहिले. शेवटी त्यांनी ऑराकडे पाहिले.

"मिस केंट, हे खरं आहे?"

ऑराला एकच शब्द उच्चारायचा होता. ती नाही म्हणाली असती तर विल्मा या घरात, या माणसासमोर आणि त्याच्या साऱ्या मंडळींसमोर खोटारडी ठरली असती. ऑराने बहिणीकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग मान किंचित तिरकी केली. ती तिरकी मान विल्माने पडद्यावर अनेकदा पाहिली होती.

"मला लिहायचा भारी कंटाळा हो," ऑरा म्हणाली. "सगळं विल्माच करायची."

"सगळं म्हणजे? चेकसुद्धा?"

"चेक, पावत्या, घटस्फोटाचे कागद. मी केस धूत असायचे नाहीतर झोपलेली असायचे."

ऑस्टरहाउट यांनी करार मिटला. इतका वेळ त्याला फुलासारखे हाताळणारे ते हात आता एखादे वर्तमानपत्र मिटावे तसे हलले. विल्माला वाटले, झाले. आता ते आपल्याकडे वळतील. आता तक्ता उलटा होईल. डावीकडची अस्सल सही विल्मा ह्रुस्काची, असे कुठेतरी छापले जाईल. तळटिपेत नव्हे, वर.

ते वळले नाहीत. ते ऑराकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा हळूहळू दुसऱ्याच कशात तरी बदलत होती. ही नजर विल्माने पूर्वी पाहिली नव्हती, पण त्यांच्या मंडळीतल्या कुणालाही ती ओळखीची असती. ज्या वस्तूचा एकच नमुना जगात असू शकतो तिच्या जवळ पोचल्याची ती नजर होती.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "ऑरा केंट यांनी आपल्या हाताने केलेली एकही सही जगात नाही."

"नसणारच," ऑरा म्हणाली.

"आमच्याकडे ज्या आहेत, ग्रंथालयांत आहेत, लिलावांत विकल्या गेल्या, सगळ्या..." त्यांना वाक्य पुरे करवले नाही. मग ते खुर्चीच्या कडेवर सरकून बसले. आवाज खाली आला. "मिस केंट, तुमचा डावा हात चालतो ना?"

विल्माला समजायला क्षणभर वेळ लागला, आणि समजल्यावर तिला उठून जावेसे वाटले. नुसती सही ऑस्टरहाउट यांना नको होती. नुसती सही म्हणजे फोटोवरच्या सहीसारखीच, तिला आधार नाही. कागद हवा. त्यांनी पेटीतला जाड, उत्तम कागद काढला आणि त्यावर सुवाच्य अक्षरात एक निवेदन लिहिले: मी, ऑरा केंट, जाहीर करते की या नावाची माझ्या स्वतःच्या हाताने केलेली ही पहिली सही आहे. खाली तारीख घातली. त्याखाली सहीसाठी एक रेघ, आणि अगदी तळाशी साक्षीदारासाठी दुसरी, आखूड.

ऑराने निवेदन ऐकून घेतले. तिच्या डोळ्यांत चमक आली होती. गेल्या चाळीस वर्षांत तिला इतका चांगला प्रसंग कुणी लिहून दिला नव्हता, आणि तो विल्मानेच लिहून दिला होता. पेन डाव्या मुठीत धरून ती कागदावर वाकली. अक्षरे फुटली, रेघेखाली घसरली, मधेच थांबली. शिडाचे काही चिन्ह नव्हते. होते ते पुन्हा कोंबडीचे पाय. सही पुरी व्हायला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ ऑस्टरहाउट श्वाससुद्धा जपून घेत होते. ती मान वर करून थकल्यासारखी हसली, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते.

"मिसेस टेट," ते म्हणाले, "तुमची साक्ष हवी. इथे, खाली. तुमच्या स्वतःच्या नावाने."

विल्माने सही केली. स्वतःच्या नावाची सही तिने कधी घडवलेली नव्हती. बँकेत करायची तशी, सरळ, लहान अक्षरांत. त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. ते वरची शाई वाळायची वाट पाहत होते.

ते गेल्यावर करार टेबलावरच राहिला. त्यांनी तो विसरून ठेवला नव्हता. नेण्याचे कारण उरले नव्हते. विल्माने कपबशा उचलल्या, धुतल्या, पुसल्या. परत आली तेव्हा ऑरा आरामखुर्चीत डोळे मिटून पडली होती.

"मी खोटं बोलले," विल्मा म्हणाली.

"माहीत आहे मला. सही करताना मी तिथे होते ना."

"मग हो का म्हणालीस?"

ऑराने डोळे उघडले नाहीत. "तू एकदा तरी काहीतरी मागत होतीस. इतकी वर्षं नुसती तोंड वाकडं करून बघत आलीस, विल्मा. जेवताना, केस करताना, माझ्या प्रत्येक लग्नात. म्हटलं, घेऊन टाक. मला काय करायचंय त्याचं?"

यावर विल्माला रागावता आले असते तर बरे झाले असते. पण ऑरा कुत्सितपणे बोलली नव्हती. तिने खरेच दिले होते, एखादा अंगाला न होणारा कोट बहिणीला द्यावा तसे. आणि विल्माला कृतज्ञता वाटत नव्हती. तिला वाटत होते की देणेसुद्धा हिच्याच वाट्याला आले. मी चोरायला गेले आणि ही दानशूर ठरली. तिने करार उचलून कपाटाच्या खणात ठेवला, टेबलक्लॉथांच्या खाली, आणि दुपारच्या जेवणासाठी डबाबंद माशाचे सँडविच करायला घेतले. ऑराला सोपे पडावे म्हणून त्याच्या कडा कापल्या.

पुढच्या आठवड्यात ऑस्टरहाउट यांचा फोन आला. आवाज उत्साहाने भरलेला. मंडळींत खळबळ उडाली होती. काहींनी आपले चेक परत घ्यावेत म्हणून विक्रेत्यांना गाठले होते; एक वृद्ध सदस्य तर रडला होता. पण डाव्या हाताची सही पाहून सगळे गप्प झाले. ती पत्रिकेच्या मुखपृष्ठावर छापायचे ठरले होते. मिस केंट यांचा फोटो काढायला माणूस पाठवला तर चालेल का? त्यांना तयार करायला मिसेस टेट मदत करतील का?

विल्माने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. रडलेला वृद्ध तिच्या डोळ्यांसमोर आला. त्याचे नाव तिला माहीत नव्हते. ऑरा शेजारच्या खोलीत टीव्ही बघत होती.

"मिस्टर ऑस्टरहाउट," ती म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. करारावरची सही तिचीच आहे. चेकही तिचेच. मी फक्त फोटो केले. तुमचा तक्ता बरोबर होता."

विल्माने डोळे मिटले. तिला वाटले होते त्यापेक्षा हे सोपे गेले. आता ते चिडतील, तिला वाटेल ते बोलतील, आणि निदान तिच्याशी बोलतील.

"मिसेस टेट," ते अखेर म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता की तिला तो ओळखू येईना, "तुम्ही हे का म्हणताय ते मला समजतं. बहिणीचं नाव तिला परत मिळावं असं तुम्हाला वाटतं. पण मी तुम्हाला माझ्या डोळ्यांनी ती सही करताना पाहिलंय. तुमच्या हाताचा तो कागद माझ्याजवळ आहे. शिवाय मिस केंट यांनी लिहून दिलंय, आणि त्यावर तुमची साक्ष आहे. कागदाला मी खोटं कसं म्हणू?" ते थांबले. "तुमचं मन फार मोठं आहे. हे मी अंकात लिहिणार आहे."

तिचे मन मोठे आहे असे आजवर कुणी म्हटले नव्हते. ते खोटे होते, आणि ऐकायला फार गोड होते. विल्मा भिंतीला टेकली. आणखी एकदा जोर देऊन सांगता आले असते. खणात करार होता, दोघींचे अक्षर दाखवणारी तिची आणि ऑराची जुनी पत्रे होती. ऑस्टरहाउट यांच्यासारख्या माणसाला ती पटली असती. तिने तोंड उघडलेही.

"फोटोवाल्याला गुरुवारी पाठवा," ती म्हणाली. "बुधवारी मी तिचे केस करीन."

तिने रिसीव्हर ठेवला. आतल्या खोलीतला टीव्हीचा आवाज कमी झाला.

"कोणाचा फोन होता गं?" ऑराने विचारले.

"तुझ्यासाठी होता," विल्मा म्हणाली.